रिम्मोनीमची दुरुस्ती: घात करतो तो जुना डाक

सेफर तोरा म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाची हस्तलिखित गुंडाळी. तिच्या लाकडी पेटीच्या माथ्यावर दोन दांड्या असतात. त्यांवर बसणारी चांदीची डाळिंबं म्हणजे रिम्मोनीम. रायगडातल्या एका बेने इस्राएल सिनेगॉगची (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाची) जोडी सिमहाथ तोरा या तोराच्या सणाआधी दुरुस्त करायची होती. एकेक 410 ग्रॅमचं, आतून पोकळ. डाव्याच्या 10 घुंगरांपैकी 3 गळालेली.

आधी तिरक्या उजेडात फोटो काढले. पट्टीवरची हिब्रू अक्षरं घासून पुसट झाली होती: ताव, रेश, नून, खेत. हिब्रूत अक्षरांनीच आकडे लिहितात. म्हणजे 400, 200, 50 आणि 8, बेरीज 658. हिब्रू सालातला हजारांचा आकडा सहसा लिहीत नाहीत. 1240 मिळवले की इसवी सन 1898. हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं, म्हणून 1897-98 धरायचं. हे दानाचं साल. घडण त्याआधीची असू शकते.

खडूची अगदी बारीक पूड डिस्टिल्ड पाण्यात साईइतकी दाट कालवली आणि कापसाच्या बोळ्याने हलकेच फिरवली. रांगोळी, टूथपेस्ट नको, ओरखडे उठतात. बुडवून चकचकीत करायचं द्रावण तर नकोच: ते सांध्यांतून पोकळीत शिरतं, धुऊन निघत नाही आणि पुढे कधीतरी तिथेच डाग फुटतात. नक्षीच्या खोबणीतला काळेपणा मुद्दाम ठेवला. तो गेला की नक्षीतली पानं सपाट दिसतात.

खरी अडचण घुंगरांच्या कड्यांची. तुटल्या जागी करड्या रंगाचा मऊ थर होता, सुईने लगेच ओरखडला. कुणीतरी पूर्वी कथील-शिशाचा डाक, म्हणजे वितळवून सांधा जोडणारा धातू, दिलेला. चांदीचा डाक 700 अंशांच्या आसपास वितळतो. तेवढ्या तापात राहिलेलं शिसं चांदीत मुरतं आणि पत्र्याला भोकं पडतात. सोनाराला हे फुंकणी पेटवण्याआधीच दाखवावं लागतं, नाहीतर तो सवागी (टाकणखार) लावून, आच देऊन मोकळा होतो. इथे आच दिलीच नाही. जुन्या भोकांतून 0.8 मिलिमीटर चांदीची तार ओवली, दोन वेढे दिले आणि टोकं आत वळवली. नव्या तीन घुंगरांवर आतून खूण केली, म्हणजे पुढे जुनी-नवी ओळखता येतील.

उजवं दांडीवर डुलत होतं. दांडीवर बसणारी त्याची नळी चिमटली असती तर चिरली असती. दांडीलाच धुतलेल्या सुती फितीचे दोन वेढे दिले. रबरबँड कुणीतरी सुचवलं होतं. त्यातलं गंधकच चांदी काळी करतं.