टिंबाचे खिळे

रविवार, १३ जुलै

पाऊस सकाळपासनं एका सुरात. बेळगावात जुलैत दुसरं काय होणार म्हणा. दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशी पण ओलेच, दुपारी दोनदा लाईट गेली, आणि मी माळ्यावर उकिडवा बसून पत्र्याचे डबे उघडालोय. निमित्त काय, तर मंडळाची स्मरणिका. यंदा गणपतीला पोरांनी 'गल्लीतली पदवीधर घराणी' असं सदर काढलंय आणि पहिलं नाव कुणाचं, तर आमचं. शहापुरात अजून मास्तरांचं घर म्हणूनच ओळखतात ना, रिक्षावाल्याला तेवढं सांगितलं तरी दारात आणून सोडतो, मास्तर जाऊन तीस वर्षं झाली तरी. सेक्रेटरीनं गूगल फॉर्म पाठवलाय. नाव, पदवी, विद्यापीठ, वर्ष, हुद्दा, माणसामागं एक ओळ, आणि प्रत्येक रकान्यापुढं ती लाल चांदणी, म्हणजे रिकामं सोडायचं नाही.

मला वाटलं पंधरा मिनिटांचं काम.

आजोबांचा पत्र्याचा नळा ट्रंकेच्या मागं सापडला. झाकण गंजून बसलेलं, खोबरेल तेल लावून, फडक्यात धरून पिळलं तेव्हा निघालं. आत घरच्या सगळ्या पदव्या एकात एक गुंडाळून ठेवलेल्या, कांद्यासारख्या. सगळ्यात बाहेर माझी, सगळ्यात आत आजोबांची. डांबरगोळीचा वास अजून येतोय त्याला. उलगडून जमिनीवर ठेवल्या तर परत आपोआप गुंडाळालेत, शेवटी चार कोपऱ्यांवर आईच्या मसाल्याच्या बाटल्या ठेवल्या आणि वाचत बसलो.

आजोबांची १९४१ ची, बी.ए., संस्कृत. शिकले कोल्हापूरला राजाराम कॉलेजात पण पदवी मुंबई विद्यापीठाची, कारण तेव्हा हा सगळा मुलूखच मुंबईच्या विद्यापीठाखाली होता. बाबांची बी.एस्सी. १९७१ ची, कर्नाटक विद्यापीठ, धारवाड. त्या विद्यापीठाची पण गंमत आहे, १९४९ ला निघालं तेव्हा ऑफिस मुंबईतच होतं, पुढच्या साली धारवाडला आलं. आत्याची एम.ए. मराठी, तीसुद्धा धारवाडची. पुण्यात कुणाला सांगितलं की मराठीची एम.ए. धारवाडला केली तर चेहरा बघण्यासारखा होतो त्यांचा. चुलत आत्या निपाणीची, तिची बी.ए. शिवाजी विद्यापीठाची, म्हणजे कोल्हापूरची, कारण निपाणी कर्नाटकात असली तरी देवचंद कॉलेज आहे अर्जुननगरला आणि अर्जुननगर महाराष्ट्रात, कागल तालुक्यात. ती रोज सकाळी चालत राज्य ओलांडून लेक्चरला जायची आणि जेवायला परत कर्नाटकात. आणि माझी एम.कॉम. २०१३ ची, राणी चन्नम्मा विद्यापीठ, जे २०१० ला निघालं, भुतरामनहट्टीला, हायवेच्या कडेला. वरती बेळगावचं नाव जुनंच छापलंय. १ नोव्हेंबर २०१४ ला ते बेळगावी झालं, त्यामुळं माझ्या आधारवर एक आणि सर्टिफिकेटवर एक, आणि दर नोकरीच्या वेळी एचआरवाल्या पोरीला समजावून सांगायचं की मॅडम गाव एकच आहे.

म्हणजे बघा, घर तेच, न्हाणीघरातला बंब तोच, आणि तीन पिढ्यांत चार विद्यापीठं. आम्ही कुठं गेलो नाही.

चुलत आत्याचा मुलगा म्हणजे अजून एक वेगळी केस. त्याला महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला सीमाभागाच्या कोट्यातनं सीट मिळाली. महाराष्ट्र हक्क सांगतो त्या ८६५ गावांतला रहिवासी असल्याचा दाखला, मातृभाषा मराठी असल्याचा दाखला, त्याची फाईल पदवीपेक्षा जाड आहे. आता हिंजवडीला असतो आणि तिथले मित्र त्याला कर्नाटकी म्हणतात. मोठ्या काकांची मुलगी व्हीटीयूची, म्हणजे विश्वेश्वरय्या टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीची. विद्यापीठाचं मुख्य ऑफिस आमच्या मच्छ्याला, पण ती शिकली बेंगळुरात आणि राहिली पण तिकडंच. (तिची पदवी नळ्यात नाही, पीडीएफ आहे म्हणाली.)

हुद्द्यांचं काय, भराभर लिहून टाकलं. आजोबा हेडमास्तर. बाबा बँकेत, गदग, बागलकोट, सौंदत्ती असं फिरून मॅनेजर म्हणून रिटायर. मी उद्यमबागला एका फाउंड्रीत अकाउंट्सला, जीएसटी आणि डोकेदुखी. आत्या ज्युनिअर कॉलेजात मराठीची लेक्चरर, तेहतीस वर्षं.

तेहतीस बरोबर का म्हणून आत्याला फोन लावला. तर तिनं मला उलटं शाळेत बसवलं. म्हणाली, असले रकाने घालून माणसं मावतात होय? आपल्या गावच्या कवयित्री इंदिरा संत घे. जन्म १९१४ चा, घर तवंदीचं, निपाणीजवळ घाट आहे बघ तिथं. राजाराम कॉलेज, मग पुण्याला फर्ग्युसन. तुझ्या आजोबांच्या आधी त्याच राजाराममधनं शिकून गेल्या. नवरा पण कवी, दोघांचा मिळून संग्रह १९४० ला आला आणि १९४६ ला नवरा गेला. पोरं लहान. मग इथं बेळगावात ट्रेनिंग कॉलेजात शिकवलं, तिथंच प्राचार्य झाल्या. तुझ्या फॉर्ममध्ये काय येणार? प्राचार्य, निवृत्त. बास. १९८४ चं साहित्य अकादमी कुठल्या रकान्यात लिवतोस?

मी म्हटलं, 'इतर' म्हणून एक ऑप्शन आहे.

ती हसलीच नाही. म्हणाली, आणि मुलगा घे की. प्रकाश नारायण संत. लंपनच्या कथा त्यांच्याच. पण कागदावर नाव भालचंद्र गोपाळ दीक्षित, कारण आईच्या माहेरी दत्तक गेलेले. कराडला सायन्स कॉलेजात भूशास्त्र शिकवायचे. म्हणजे सर्टिफिकेटवर दीक्षित, विषय दगडमाती, आणि पुस्तकावर संत, आणि आत सगळं आमचं बेळगाव. आता तुझा तो फॉर्म घेऊन शोध बघू तो माणूस, सापडतो काय.

मला काय उत्तर देता येईना. आत्याशी बोललं की असंच होतं, आपण परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. तेहतीस बरोबर होते एवढं मात्र कळलं.

खरी अडचण मोठ्या काकांची.

नळ्यात मोठ्या काकांचं काहीच नाही. मला माहीत होतंच, पण सगळे कागद एका रांगेत मांडून त्यावर मिरेपूड आणि हळदीच्या बाटल्या ठेवल्यावर ते जास्त दिसलं. आजोबांची, बाबांची, आत्याची, आणि सगळ्यात थोरल्याची जागा नाहीच. ते आरपीडीला, म्हणजे इथल्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात होते, १९६४ ला. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला दोनदा बसले आणि कम्पल्सरी इंग्लिशमध्ये दोनदा गेले. त्यांचं स्वतःचं म्हणणं असं की पु.ल. देशपांडे आरपीडीत शिकवायचे ते सोडून गेल्यावर मी गेलो, ही चूक झाली, त्यांच्या वर्गात असतो तर नापास झालो असतो तरी हसत हसत झालो असतो. हा जोक मी निदान शंभरदा ऐकलाय आणि दरवेळी ते आधी स्वतः हसतात.

मग आजोबांनी त्यांना ओळखीच्या छापखान्यात चिकटवलं, रामलिंग खिंड गल्लीत. हेडमास्तरचा मुलगा कंपोझिटर, म्हणजे खिळे, शिशाची सुटी अक्षरं, जुळवणारा. घरात काय वातावरण असेल ते आई सांगत नाही पण आजीनं कधीतरी सांगितलंय की दोन वर्षं बापलेक एका पंगतीला जेवले नाहीत. पुढं काकांनी तोच छापखाना चालवायला घेतला. ट्रेडल मशीन एकच, आणि भिंतीला लागून खिळ्यांच्या केसा, म्हणजे कप्प्यांचे खण, मराठीची उजवीकडं, कन्नडची डावीकडं, इंग्लिशची खाली कारण त्याला कप्पे कमी लागतात. मी लहानपणी शाळा सुटल्यावर तिथं जाऊन बसायचो. काका केसकडं न बघता खिळे उचलायचे, डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, उजवा हात आपोआप फिरालाय, तोंडानं दुसऱ्याच माणसाशी भाव चाललाय. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, शाळांचे सहामाहीचे पेपर. पेपर छापायचे असले की मला हाकलायचे, हेडमास्तरच्या घरचा नियम.

खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, त्यामुळं त्यांना उलटं वाचायची एवढी सवय झालीय की समोर बसलेला माणूस पेपर वाचत असला तर ते पलीकडनं वाचतात. बँकेत क्लार्कच्या हातातला फॉर्म काऊंटरच्या बाहेरनं वाचून चूक सांगतात. लोकांना वाटतं म्हातारा भोचक आहे. आहेच, पण ते वेगळं.

आणि आमच्या घरच्या सगळ्यांची कार्डं, पाट्या, पत्रिका त्यांनीच छापल्या. आत्याच्या लग्नात मुलीच्या नावापुढं एम.ए. पाहिजेच, आजोबांच्या नावापुढं बी.ए., बी.टी. (तेव्हाची मास्तरकीची पदवी) पाहिजेच, मुलाकडचा पण कोण बी.ई. होता. त्यावर काकांचं एक ठरलेलं वाक्य, गल्लीत अजून लोक सांगतात: तुमच्या पदव्यांच्या पायी माझे टिंबाचे खिळे संपालेत.

टिंबं घालणाऱ्याच्या नावापुढं मात्र एक पण टिंब नाही. आणि बाबा धारवाडला हॉस्टेलवर होते ती तीन वर्षं, नंतर आत्याची दोन, मनीऑर्डर छापखान्यातनं जायची. हे मला बाबांनीच सांगितलं, रिटायर झाल्यावर, एकदा अंबोलीहून येताना गाडीत. समोर बघत गाडी चालवत होते म्हणून बोलले असतील.

ऑफसेट आल्यावर ते सगळं गेलं. केसातले खिळे किलोवर विकले, शिशाच्या भावानं. मी तेव्हा सातवीत होतो, पोत्यात भरताना तो आवाज, पाऊस पत्र्यावर पडतो तसला.

तर संध्याकाळी फॉर्ममध्ये काकांचं नाव टाकलं आणि पदवीच्या रकान्यात अडकलो. रिकामा सोडला तर फॉर्म पुढं जात नाही. सेक्रेटरीला फोन केला तर म्हणाला, दादा, सदरच पदवीधरांचं आहे, त्यांचं नाव नाही घातलं तर चालतंय की. चालतंय की! एक्कावन्न रुपयांपासनं मंडळाच्या पावत्या ज्या माणसानं वीस वर्षं फुकट छापून दिल्या, त्याचं चालतंय की. पण त्या पोराला काय माहीत, त्याचा जन्म पण नव्हता. मी ठेवला फोन.

मग मी शहाणपणा केला. पदवीच्या रकान्यात लिहिलं 'बी.ए. (अपूर्ण)'. हुद्दा, 'मुद्रण व्यावसायिक'. वाचायला बरं दिसालं. सगळ्यांना दाखवावं म्हणून प्रिंट काढली आणि जेवणाआधी सोप्यात बाबांच्या हातात दिली.

काका समोर झोपाळ्यावर. वय ब्याऐंशी, चष्मा कपाळावर, चहा बशीत ओतून फुंकर मारालेत. बाबा अजून पहिल्या ओळीवर, तोवर तिकडनं आवाज आला, "विद्यापीठातला पी ऱ्हस्व पडलाय. दोन ठिकाणी."

मी बघितलं. दोन ठिकाणी होता.

"आण इकडं. पेन दे. हे नको, लाल."

लाल पेन माझ्या पोराच्या दप्तरातनं आणलं. काकांनी कागद मांडीवर घेतला, सुलटा करायची तसदी पण घेतली नाही, समासात त्या त्यांच्या जुन्या खुणा करत गेले. स्वल्पविराम वाढवला, आजोबांच्या बी.टी. नंतरचं टिंब सुटलं होतं ते घातलं, गदगच्या पुढं एक जागा सोडली. अगदी सावकाश, गिऱ्हाईक उद्या येणार असल्यासारखं. स्वतःच्या ओळीवर आले तेव्हा पेन थांबलं. बाबा उगीच पंख्याकडं बघालेत, पंखा बंद होता.

"अपूर्ण कुणी लिवलं?"

"मी."

"अपूर्ण म्हंजे काय रे? मी पेपर पुरे लिवलोतो की. दोन्ही वेळा, तीन तास बसून, पुरवण्या लावून." अपूर्ण शब्दावर आडवी रेघ मारली, समासात मोठ्या अक्षरात लिहिलं, 'नापास'. थोडा विचार केला आणि पुढं कंसात 'दोनदा'. मग 'मुद्रण व्यावसायिक' खोडलं. तिथं लिहिलं 'कंपोझिटर'. कागद माझ्याकडं सरकवला.

"काका, नापास कसं छापणार स्मरणिकेत?"

"कसं म्हंजे? एक काना, दोन काने. टिंब पण लागत नाही."

बाबा एवढे हसले की आई आतनं बघायला आली. आत्ता रात्रीचे साडेदहा, फॉर्म सबमिट केला, गेला बिनबोभाट, त्या लाल चांदणीला काय लिहिलंय याच्याशी कर्तव्य नाही. पोर रडालंय, लाल पेन कुठं गेलं म्हणून. काकांच्या खिशात आहे बहुतेक.