डीत्सचे मुरक्के पाहताना

बर्लिनच्या राज्य ग्रंथालयातले डीत्सचे मुरक्के, म्हणजे चित्रं चिकटवलेल्या वह्या, नागपुरात बसूनही पडद्यावर मोठे करून पाहता येतात. हाइनरिख फ्रीडरिख फॉन डीत्स 1784 ते 1790 इस्तंबूलमध्ये प्रशियाचा दूत होता. तिथे त्याने जमवलेल्या इराणी चित्रांत 14व्या-15व्या शतकातली दुर्मीळ कामं आहेत. काही थेट तिथल्या सुलतानांच्या तोपकापी राजवाड्याच्या मुरक्क्यांतून निघालेली.

चित्राआधी कडा बघा. मुरक्क्यात चिकटवण्यासाठी पान कापताकापता घोड्याचे खूर, ओळींचे तुकडे जातात. हाशिया, म्हणजे चित्राभोवतीची कोरी किंवा सजवलेली पट्टी, पुष्कळदा नंतर जोडलेला असतो, त्यावरून चित्राचं वय ठरवलं की फसगत होते. खरं नुकसान मजकुराचं: पान हस्तलिखितातून सुटलं की प्रसंग ओळखणं फार अवघड. नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे इथल्या मध्यवर्ती संग्रहालयातही, जुन्या चित्रासमोर थांबलात, तर चौकटीची रेघ कुठे तुटते ते आधी शोधा.