तळ्याची फेरी

तळं वाचवण्यासाठी जमलेल्या आमच्या मंडळाचा वार्षिक मेळावा फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी भरायचा. 2 फेब्रुवारी 1971 रोजी इराणमधल्या रामसर गावी पाणथळ जागांचा करार झाला, म्हणून हा मुहूर्त, हे अध्यक्ष दरवर्षी सांगत. मागच्या रांगेतली आम्ही मंडळी ते वाक्य त्यांच्या आधीच पुटपुटायचो.

भाषणांसाठी फारसं कुणी येत नसे. खरी मजा फेरीची. पाण्याच्या कडेकडेनं तळ्याला अख्खा वळसा घालायचा. एका वर्षी नव्या गृहसंकुलाच्या कुंपणाचे पत्रे थेट पाण्यात उतरलेले दिसले. रखवालदार म्हणाला, ‘खासगी जागा आहे, मागं फिरा.’ आमच्यातल्या एका आजींनी त्याला ‘बाळा, तू मूळचा कुठला?’ असं विचारून गप्पांत गुंतवलं, आणि तेवढ्यात बाकी सगळे चपला हातात घेऊन गुडघाभर पाण्यातून पलीकडे पोचले. आजी शेवटी त्याचाच हात धरून आल्या!

दुपारची वेळ मोजणीकाकांची. भूमापक म्हणून निवृत्त झालेला माणूस. भाषण म्हटलं की अंग चोरणार, पण नकाशा उलगडला की गप्प बसणार नाही. सातबाऱ्यावर ‘पोटखराबा ब’, म्हणजे लागवडीला न येणाऱ्या जमिनीचा ‘ब’ वर्ग, दिसला की थांबा, असं ते बजावत. खातेदार खासगी असला तरी त्या वर्गात लोकांच्या वापरातले रस्ते, तळी, ओढे येतात. मग दोन निकाल ठरलेले. 2001 मध्ये हिंचलाल तिवारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं तळ्याच्या जागेवर दिलेले घरांचे भूखंड रद्द ठरवले. 2011 च्या जगपाल सिंग प्रकरणात पतियाळा जिल्ह्यातल्या गावतळ्यावर भराव टाकून घरं बांधली होती. पैसे भरून घेऊन ती नियमित करण्याचा तोडगा न्यायालयानं साफ फेटाळला. हे सांगताना काकांचा आवाज चढायचा आणि चष्मा नाकावर घसरायचा.

मुलांचं काम हरकतीचा अर्ज लिहिण्याचं. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांना बहुतेक ठिकाणी 30 दिवस मिळतात, त्यात सण आणि सुट्ट्या धरूनच. ‘आमचे तळे आम्हाला हवे’ असं कुणी लिहिलं की काका कागद परत करत : सर्वे नंबर कुठाय? आणि दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही, ही ताकीद. माझ्या मते मंडळानं आम्हाला दिलेलं सगळ्यात उपयोगी शिक्षण हेच.

फेरीनंतर जुन्या पायऱ्यांवर सगळ्यांचा फोटो निघायचा. पुढं कोण बसणार यावरून दरवर्षी वाद. त्या फोटोंचं महत्त्व संकुलाच्या भरावावरच्या सुनावणीत कळलं. ‘इथं पूर्वीपासून कोरडी जमीनच होती,’ असं समोरचे वकील सांगत होते. काकांनी वर्षावार फोटो मांडले. आमच्या हसऱ्या चेहऱ्यांमागं पाणी कुठवर होतं आणि भराव कसकसा पुढं सरकला, ते पायऱ्या मोजून दिसत होतं. आमच्या एका बाईंनी तर फक्त स्वतःच्या साड्यांवरून फोटोंचा क्रम लावून दिला.

पत्रे मागं गेले, पण सगळे नाही. एका कोपऱ्याचा दावा अजून चालू आहे आणि तिथं फेरीला वळसा घालून रस्त्यावरून जावं लागतं. तेवढ्या वाटेत काका कुणाशी बोलत नाहीत, नुसतं पुटपुटतात. काय ते मुलांना ऐकू न आलेलंच बरं.