शाळा बंद, गणवेश शिल्लक

सोलापूर हे गणवेश शिवणारं गाव. शाळांचे, हॉटेलांचे, दवाखान्यांचे कपडे इथून गठ्ठ्यांनी बाहेर पडतात. अशा गावात बसून विमानाच्या रंगाला ‘लिव्हरी’ म्हणणं जिवावर येतं. तो गणवेशच. शेपटीवर बिल्ला, कमरेला पट्टा, छातीवर नाव. कंपनी बुडाली की मागे उरतो तोही गणवेशच, कारण विमान बहुधा भाड्याचं असतं. ते मालकाकडे परत जातं, अंगावर नवा रंग चढवून परक्या देशात उडू लागतं. जुना रंग राहतो तो फोटोंत, आणि फ्लाइट सिम्युलेटरवर, म्हणजे संगणकावर विमान उडवायच्या खेळात, उडणाऱ्यांच्या हार्ड डिस्कवर.

आपल्याकडचा हजेरीपट लांबलचक आहे. ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, सहारा, डेक्कन, पॅरामाउंट. किंगफिशर २००५ मध्ये आली आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली. जेट १९९३ पासून १७ एप्रिल २०१९ पर्यंत उडाली. गो फर्स्ट मे २०२३ मध्ये जमिनीवर आली आणि विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विरघळली. यातली एकच कंपनी सोलापूरकरांच्या डोळ्यांपुढे उभी राहते, ती किंगफिशर. तिचं एटीआर, म्हणजे दोन पंख्यांचं छोटं प्रवासी विमान, मुंबईहून होटगी रोडच्या धावपट्टीवर उतरायचं. ते बंद झालं आणि मग कितीतरी वर्षं गावात एकच विनोद चालला: चिमणी उडत नाही म्हणून विमान उडत नाही. विमानाच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची ती चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली. २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं, तेही एटीआरच. त्यामुळे किंगफिशरची आठवण काढायला आता निमित्तही ताजं आहे.

तर सिम्युलेटर उघडायचा, एटीआर निवडायचं, लाल शेपटीचा रंग उतरवून घ्यायचा आणि निघायचं. इतकं सोपं वाटतं आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. मायक्रोसॉफ्टच्या नव्या सिम्युलेटरमध्ये मिळणारं एटीआर हे ७२-६०० जातीचं आहे, पाच मोठ्या पडद्यांचं. किंगफिशरकडे होतं ७२-५००. त्याच्या कॉकपिटात चार छोटे पडदे आणि बाकी सगळी काट्यांची घड्याळं. बाहेरून रंग किंगफिशरचा आणि आत बसलं की दुसऱ्याच घरात शिरल्यासारखं. नव्या शाळेच्या पोराला जुन्या शाळेचा सदरा घातलाय, एवढंच ते. बाहेरून फोटो काढायचे असतील तर चालेल, पण आठवण काढायची असेल तर ५०० चं मॉडेलच शोधावं, मग ते जुन्या सिम्युलेटरमधलं आणि थोडं ओबडधोबड असलं तरी.

कारण विमान कंपनीची खरी ओळख तिच्या सवयींत असते. एटीआरचीच सवय घ्या. बहुतेक प्रवासी विमानांच्या शेपटीत जमिनीवर वीज आणि हवा पुरवणारं एक छोटं इंजिन असतं, एपीयू. एटीआरला ते नाही. त्याऐवजी उजवं इंजिन चालू ठेवतात आणि त्याचा पंखा ब्रेक लावून धरून ठेवतात. याला हॉटेल मोड म्हणतात. इंजिन घुमतंय, पंखा मात्र जागचा हलत नाही. प्रवासी डावीकडच्या मागच्या दाराने चढतात, त्या बाजूचं इंजिन तेव्हा पूर्ण बंद असतं. सिम्युलेटरमध्ये हे करताना निळ्या हायड्रॉलिकचा पंप आधी चालू हवा, दाब आला की मगच पंख्याचा ब्रेक लावायचा आणि तो लागल्याचा दिवा बघूनच उजवं इंजिन सुरू करायचं. पंप विसरला तर ब्रेक लागत नाही आणि मग पंखा सामान चढवणाऱ्यांच्या दिशेने वारा झोडत बसतो. लहान गावच्या विमानतळावर बाहेरून वीज देणारी गाडी असेलच याची खात्री नसते. अशा ठिकाणी हे विमान स्वतःचं घरदार घेऊन उतरतं, म्हणून तर ते लहान गावांना परवडतं.

मुंबई-सोलापूर अंतर सरळ रेषेत सुमारे १९५ सागरी मैल. पूर्वेकडे जायचं म्हणून उंची विषम घ्यायची, १७,००० फूट झकास. वेग २७० नॉट धरला तर चढणं-उतरणं मिळून पंचावन्न मिनिटांचा खेळ. गंमत म्हणजे ही रेषा जवळजवळ उजनीवरून जाते. धरणाची भिंत विमानतळापासून साधारण ५० मैलांवर. हजार फूट उतरायला तीन मैल, हा सगळ्यांचा ठोकताळा. विमानतळ समुद्रसपाटीपासून १,५८४ फुटांवर, त्याच्या वर दीड हजार फुटांवर यायचं म्हणजे चौदा हजार फूट उतरायचं, म्हणजे ४२ मैल. म्हणून उजनीचं पाणी मागे पडलं की एक चहाचा घोट घ्यावा आणि नाक खाली करावं. मोहोळच्या आसपास आठ-साडेआठ हजार फूट असलात तर हिशोब जमला. धावपट्टी १५ वर, म्हणजे १५० अंशांच्या दिशेने, उतरणार असाल तर सरळ घुसू नका. थोडं उत्तरेकडे सरकून शहरावरून या, नाहीतर शेवटच्या दोन मैलांत तीस अंशांचं वळण घ्यावं लागतं.

उतरताना १८० नॉटच्या खाली फ्लॅप (पंखामागच्या झडपा) १५, १५० च्या खाली फ्लॅप ३०. आणि एक चूक जेट उडवून आलेले सगळे करतात: धावपट्टी आली की पन्नास फुटांवरच पॉवर पूर्ण मागे ओढतात. एटीआरच्या पंख्यांचा वारा पंखावरून जातो आणि त्याने विमान तोललेलं असतं. तो वारा बंद केला की विमान पोत्यासारखं आदळतं. पॉवर हळूहळू, वीसेक फुटांपासून काढावी.

आणखी एक, हे खास सोलापूरचं. सिम्युलेटरचं हवामान ‘स्वच्छ आकाश’ ठेवलं तर तापमान समुद्रसपाटीला १५ अंश धरलं जातं. सोलापुरात १५ अंश! मे महिन्याची दुपार लावा, ४२ अंश. मग दीड हजार फुटांवरचं हे विमानतळ इंजिनाला पाच हजार फुटांवर असल्यासारखं वाटतं. भरलेलं एटीआर धावपट्टी खात जातं आणि वर चढताना धापा टाकतं. हे न करता जे किंगफिशर उडवतात, ते महाबळेश्वरचं किंगफिशर उडवतात.

आता गणवेशाच्या शिलाईकडे. रंग द्यायचं काम शिंप्याच्या कामासारखंच आहे. सिम्युलेटरच्या चित्रफाइलीत विमानाची कातडी सोलून सपाट पसरलेली असते: धड दोन तुकड्यांत, शेपटी वेगळी, इंजिनांची आवरणं कोपऱ्यात. कापलेलं कापड शिवण्याआधी टेबलावर पडलेलं असतं तसं. पेंट किट मिळालं तर पत्र्याचे सांधे, खिळे, मळ यांचे थर तयार असतात. खाली आपला रंग भरायचा. काही स्वस्त मॉडेलांत डाव्या-उजव्या बाजूला एकच तुकडा वापरलेला असतो, तिथे एका बाजूचं नाव आरशात बघितल्यासारखं उलटं येतं. यावर उपाय नाही, मॉडेल बदला. एफएसएक्स या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या सिम्युलेटरमध्ये रंगाची ही चित्रफाइल (डीडीएस) उभी उलटवून जतन करावी लागते. विसरलात तर शेपटीचा पक्षी विमानाच्या पोटावर बसतो. आणि अल्फा चॅनेल, चित्रातला चकाकी ठरवणारा थर. तो चुकून काळा राहिला तर विमान स्टीलच्या डब्यासारखं चकाकतं.

इंडियन एअरलाइन्स रंगवायला घेतली की मराठी माणसाची खरी परीक्षा. तिच्या विमानांवर एका बाजूला इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला देवनागरी नाव असे. फोटोच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी टाइप केलं की ‘इंडियन’मधली वेलांटी ‘ड’च्या पलीकडे जाऊन पडते आणि ‘एयरलाइन्स’चा ‘न्स’ फुटून न् आणि स वेगळे होतात. अशी फुटक्या जोडाक्षरांची विमानं इंटरनेटवर ढिगाने आहेत. इंकस्केप या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव लिहायचं, त्याचं पाथमध्ये, म्हणजे नुसत्या रेषांमध्ये, रूपांतर करायचं आणि चित्र म्हणून आणायचं, एवढंच तर करायचं असतं. त्या कंपनीची एअरबस ए३२० तर साध्या ए३२० वर रंगवून भागतच नाही. आपल्या कमजोर धावपट्ट्यांसाठी तिने मुख्य चाकं प्रत्येक बाजूला दोनऐवजी चार घेतली होती. नारिंगी पट्टा बरोबर आणि चाकं दोन, असं विमान जाणत्याच्या नजरेतून सुटत नाही.

सगळं झाल्यावर विमान यादीत दिसतच नाही, हा शेवटचा छळ. एफएसएक्समध्ये एअरक्राफ्ट.सीएफजी फाइलमधले एफएलटीसिमचे, म्हणजे एकेका रंगाचे, आकडे सलग हवेत. ०, १, २ नंतर ४ आला तर चौथा गणवेश गायब. नव्या सिम्युलेटरमध्ये दोष बहुतेकदा लेआउट.जेसन या फाइलींच्या यादीचा असतो. फोल्डरमध्ये काही बदललं की ती पुन्हा बनवावीच लागते.

ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त यांच्याकडे बोइंग ७३७-२०० होती. हे विमान उडवलं की नव्वदचं दशक हाताला लागतं. एफएमसी, म्हणजे मार्ग सांभाळणारा संगणक, नाही. व्हीओआरची, म्हणजे जमिनीवरून दिशा दाखवणाऱ्या रेडिओ केंद्राची, फ्रिक्वेन्सी हाताने फिरवायची, पुढच्या व्हीओआरचा काटा हलेपर्यंत मागच्याच्या भरवशावर जायचं. जेटी८डी इंजिनं झोपेतून उठायला वेळ घेतात, म्हणून उड्डाणाला आधी दोन्ही थोडी वाढवून बरोबरीत येऊ द्यायची, मगच पूर्ण जोर. घाई केली तर एक आधी जागं होतं आणि विमान गवताकडे निघतं.

पण दमानियाचं विमान बंगळुरूला नेताना केम्पेगौडा विमानतळावर उतरवणं म्हणजे शुद्ध कालविपर्यास. तो विमानतळ मे २००८ चा. हैदराबादचं शमशाबाद मार्च २००८ चं. जुन्यांनी उतरावं त्या शहरांच्या जुन्या विमानतळांवर, एचएएलला आणि बेगमपेटला. इथे २००६ चा एफएसएक्स कामाला येतो. त्याला जुना, भंगार म्हणून हसतात, पण त्याच्या नकाशात काळ त्याच सुमाराला थांबलेला आहे. नवा सिम्युलेटर उपग्रहाचे फोटो लावतो आणि जुनी गावं पुसून टाकतो. बंद कंपन्यांसाठी बंद पडलेलाच सिम्युलेटर बरा.

मग येतं वेळापत्रक. सोलापूरने मिलच्या भोंग्यावर घड्याळं लावली, जेवणाचे डबे भरले. भोंगे गेले तरी जुन्या पिढीच्या अंगात ती वेळ आहे. विमानाचंही तसंच. आपण उडत नसतानाही ते ठरलेल्या वेळी होटगी रोडला येऊन उभं राहिलं पाहिजे. त्यासाठी सिम्युलेटरमध्ये आपोआप उडणाऱ्या विमानांचं वेळापत्रक भरायचं टीटूल्ससारखं जुनं साधन आहे. तीन साध्या मजकुराच्या फाइली: विमानं, विमानतळ, उड्डाणं. तिन्हींत नावं अक्षरशः जुळली पाहिजेत. नव्वदच्या दशकातल्या कंपन्यांशी मात्र इथे अडतं, कारण सुरुवातीला त्या कागदोपत्री ‘एअर टॅक्सी’ होत्या आणि टॅक्सीला वेळापत्रक छापायची मुभा नव्हती. किंगफिशरचं तसं नाही.

विमानतळावर पार्किंगची जागा आखलेली नसेल तर विमान येतच नाही. एडीई हे विमानतळ आखायचं सॉफ्टवेअर वापरून ती आखावी आणि त्रिज्या किमान १४ मीटर ठेवावी, कारण एटीआरच्या पंखांचा पसारा २७ मीटर आहे. बारा ठेवली तर विमान नाहीसं होतं आणि कारण कोणी सांगत नाही. उड्डाणांच्या फाइलीत वेळा ग्रिनिचच्या लिहायच्या, म्हणजे आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा. हे विसरलं तर सकाळी सातचं विमान दुपारी साडेबाराला उतरतं. पुष्कळ जण ते तसंच राहू देतात. विमान उशिरा आलं म्हणजे खरंच आलं असणार, असं त्यांना वाटतं.