मोफत साइट्स तपासल्या, त्या पालकांच्या मोबाइलवर

मुलांना घरी अभ्यासाला एखादी चांगली, फुकट साइट सांगा, असं आठवीच्या पालकसभेत तीन-चार जणांनी विचारलं. सातपूरच्या आमच्या शाळेतल्या बहुतेक मुलांचे वडील एमआयडीसीत कामाला. घरात मोबाइल एकच, तोही वडील शिफ्टवरून आल्यावर मुलांच्या हाती लागणार. म्हणून पंधरा दिवस रोज संध्याकाळी मी साइट्स तपासत बसलो.

सुरुवात शाळेच्या लॅपटॉपवर केली, तिथेच चुकलं. एक साइट मला फार आवडली. वर्गातल्या एका मुलीला ती वडिलांच्या फोनवर उघडायला दिली, मी शेजारीच होतो. माझं लक्ष धड्याकडे, आणि दुसऱ्याच पानावर साइटने मागितलेला मोबाइल नंबर तिने देऊन टाकला. संध्याकाळपासून कोर्स विकणाऱ्यांचे फोन सुरू. वडील मशीनवर असतानाही फोन वाजायचा. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. 2023च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांची माहिती घेताना पालकांच्या संमतीची अट आहे, ती उगाच नाही. तेव्हापासून नंबर न देता धडा उघडला तरच मी पुढे बघतो.

नंतर भाषा. पुस्तकात ‘विभवांतर’ आणि व्हिडिओत ‘पोटेन्शियल डिफरन्स’ आलं की मूल तिथेच अडतं. इथे सरकारचं दीक्षा ॲप कामाला आलं. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की त्याच धड्याचं साहित्य समोर येतं, आणि एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही. गणिताच्या सरावाला खान अकॅडमी चांगली, जाहिराती अजिबात नाहीत. शिक्षकांसाठी सरकारचं ऑनलाइन कोर्सचं स्वयम आहे. शिकणं फुकट, प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची फी भरावी लागते.

पण माझं मन जिंकलं ते फेटने. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी 2002मध्ये अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला हा प्रकल्प. यातले विज्ञानाचे प्रयोग मुलांनी पडद्यावर स्वतः करायचे असतात, बरेचसे मराठीतही आहेत. प्रयोगाची फाइल मी शाळेत उतरवली आणि मुलांच्या घरच्या फोनवर पाठवली. एकदा फोनमध्ये आली की डेटाचा खर्च नाही.

त्याच मुलीला पुन्हा बसवलं. तिने बॅटरी घेतली, तारा जोडल्या, दिवा लावला. मग दिवा काढून तारेची दोन्ही टोकं थेट बॅटरीला लावली, तर पडद्यावर बॅटरी पेटली! ती दचकली, हसली आणि पुन्हा तेच करून पाहिलं. फळ्यावर शॉर्टसर्किट मी किती वर्षं शिकवतोय, पण असा चेहरा कधी पाहिला नव्हता.

सोमवारी ती वही घेऊन आली. “सर, बॅटरी उलटी लावली तरी दिवा लागतोच. मग तिच्यावर अधिक-उणे कशाला लिहितात?” पुढचा अख्खा तास आम्ही त्याच प्रश्नाला दिला.