कार्ड बरोबर फटीत गेलं

बाथरूममध्ये गॅस गीझर, खिडकी बंद. कार्बन मोनॉक्साइडने त्या ताई बेशुद्ध पडल्या. जीव वाचला, पण तेव्हापासून त्या "नीट दिसत नाही" म्हणत होत्या. नेत्रतपासणीत डोळे उत्तम निघाले, तशी घरात कुजबुज सुरू झाली: नाटक तर करत नाही ना?

मी समोर पेन धरलं. "निळं आहे, चकचकीत. प्लॅस्टिक असावं." पण वस्तू कोणती, ते सांगता येईना. हातात देताच म्हणाल्या, "अहो, हे तर पेन!" चौरस कोणता आणि आयत कोणता, हेही कळत नव्हतं. सफरचंदाचं चित्र बघून काढता आलं नाही, मनाने मात्र छान काढलं. थोड्या वेळाने त्यांनीच काढलेलं ते चित्र दाखवलं, तर ओळखलं नाही.

मग फट असलेली तबकडी पुढे ठेवली. "फट उभी आहे की आडवी?"

"काय सांगू डॉक्टर, कळतच नाही."

"असू दे. हे कार्ड आत टाका."

हात पुढे जाता जाताच मनगट वळलं आणि कार्ड बरोबर आत गेलं. तबकडी तिरकी केली, तरी तेच. त्यांचे यजमान खुर्चीतून उठूनच उभे राहिले.

ही चाचणी मेल्व्हिन गुडेल आणि डेव्हिड मिल्नर या मेंदू-संशोधकांची. त्यांच्या 'डी. एफ.' या रुग्णालाही पाणी तापवायच्या यंत्रामुळे हीच विषबाधा झाली होती. 1991 साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात त्यांनी या रुग्णाचा अभ्यास मांडला. डोळ्यांकडून आलेली माहिती आधी मेंदूच्या मागच्या भागात पोचते. तिथल्या पेशी रेघांचा कल टिपतात. कोणी उभ्या रेघेला जागी होते, कोणी तिरक्या. पुढे दोन वाटा फुटतात. खालची वाट रेघा जोडून आकार घडवते, वस्तू ओळखते. वरची हाताला वळण देते, आणि तिचं काम आपल्याला जाणवतही नाही. ताईंच्या एमआरआयमध्ये खालच्या वाटेवरचा, आकार घडवणारा भाग दोन्ही बाजूंना दुखावलेला दिसला. रंग आणि पोत ओळखणारा भाग बचावला होता, आणि हाताला वळण देणारी वरची वाटही.

मी ताईंच्या सासूबाईंना मुद्दाम आत बोलावलं आणि त्यांच्यासमोर ताईंना पुन्हा कार्ड टाकायला लावलं. अशा रुग्णाला खोटं ठरवलं जातं याचा मला फार राग येतो. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे हिला खरंच कळत नाही."

त्यानंतर कामाचं बोलणं झालं: तूरडाळीच्या डब्याला पिवळी पट्टी, साखरेच्या लाल, मिठाच्या बरणीला खरखरीत कापड. गीझर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेत बसवायचं यजमानांनी तिथेच ठरवलं.