मारोंतीचं दुसरं टोक

नेपल्सच्या बेवेरेल्लो धक्क्यावर आम्ही मायलेकी सकाळी साडेनऊला उभ्या होतो. फलकावर आमच्या बोटीपुढे लाल अक्षरांत एक इटालियन शब्द आला. त्याचा अर्थ कुणाला विचारावा लागला नाही, कारण रांगेतली माणसं मुकाट्याने बॅगा उचलून चालायला लागली. वारा सुटला होता. अलिस्काफो, म्हणजे ती पाण्यावर उचलून पळणारी वेगाची बोट, रद्द.

आई म्हणाली, "मांडव्याची लाँच बंद झाली की आम्ही रेवसला जायचो. इथे दुसरं काही नाही का?"

होतं. तिकीट काढण्याआधी मी हे वाचलं असतं तर बरं झालं असतं. आम्हाला जायचं होतं इस्किया या बेटावर, आणि तिथे जायला नेपल्समधून दोन प्रकारच्या बोटी आहेत. अलिस्काफो बेवेरेल्लोहून सुटते आणि तासाभरात पोचवते. गाड्या-ट्रक पोटात घेणारी मोठी फेरी, त्रागेत्तो, सुटते कालाता पोर्ता दि मास्सा या धक्क्यावरून. तो दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे. फेरीला दीड तास लागतो, पण ती वाऱ्याला सहसा दाद देत नाही आणि डेकवर उघड्यावर बसता येतं. पोत्सुओलीहूनही फेरी मिळते, तिथून अंतर कमी पडतं. आम्ही बॅगा ओढत दुसऱ्या धक्क्यावर गेलो. पहिल्या तिकिटाचे पैसे परत मिळायला किती खिडक्या झाल्या ते सांगत बसत नाही.

इस्कियाच का, हे आधी सांगायला हवं. मी स्टुटगार्टला राहते. गौरी-गणपती आटोपून आई माझ्याकडे आली ती दोन्ही गुडघे घेऊन, म्हणजे दुखणारे. आमच्या ऑफिसातल्या एक निवृत्तीला आलेल्या बाई दरवर्षी इस्कियाला जातात. जर्मनांना या बेटाचं भारी वेड. अंगेला मेर्केलसुद्धा वर्षानुवर्षं सुट्टीला इथे यायच्या. "गरम पाणी, गरम वाळू, आईला घेऊन जा," असं त्या बाई म्हणाल्या. आईला मी हे सांगितलं तर ती हसली. तिचं माहेर पालीजवळचं. उन्हेऱ्याच्या कुंडात ती लहानपणापासून बुडी मारत आली आहे. "ऊन पाण्यासाठी इटलीला?" म्हणाली. पण गरम वाळू म्हटल्यावर मात्र तिने कान टवकारले.

फेरी इस्किया पोर्तोच्या बंदरात शिरते ती एका अरुंद तोंडातून, आणि आत गेल्यावर बंदर थाळीसारखं गोल दिसतं. ते मुळात ज्वालामुखीच्या विवरातलं तळं. 1854 मध्ये राजा फेर्दिनांद दुसरा याने मधली पट्टी फोडून ते समुद्राला जोडलं. सगळं बेटच ज्वालामुखीचं आहे. शेवटचा उद्रेक 1302 मधला. त्या लाव्ह्यावर आता पाइनची झाडी आहे आणि आमची खोली तिच्या कडेलाच होती. मधोमध दिसणारा एपोमेओचा डोंगर 789 मीटरचा. तो ज्वालामुखीचा सुळका नाही, तर समुद्राखालचा हिरवट खडक खालच्या दाबाने वर उचलला गेला आहे. भेगांमधून मुरलेलं पाणी खाली तापतं आणि जिथे वाट मिळेल तिथे वर येतं. 1588 मध्येच जूलियो याझोलिनो नावाच्या वैद्याने इथल्या झऱ्यांवर पुस्तक लिहून कुठलं पाणी कशावर चालतं ते मांडलं होतं. आईचं म्हणणं, गुडघ्यावर काय लिहिलंय तेवढं वाच.

दुसऱ्या दिवशी मी जी चूक केली ती तुम्ही करू नये म्हणून हा सगळा खटाटोप.

मारोंती हा बेटावरचा सगळ्यात लांब वाळूचा किनारा, दक्षिणेला, बारानो गावाच्या हद्दीत. नकाशात मारोंतीवर बोट ठेवलं की फोन सांगतो, पोर्तोहून पाच नंबरची बस पकडा. बस बरोबर आहे. तेस्ताच्चोवरून वळणं घेत घेत ती थेट किनाऱ्यावर नेऊन सोडते. पण सोडते पूर्वेच्या टोकाला. गरम वाळूचा भाग, ज्याला तिथे 'फुमारोले', म्हणजे वाफेच्या भेगा, म्हणतात, तो पश्चिमेच्या टोकाला, सांतांजेलो गावाच्या बाजूला. मधे दोनेक किलोमीटर वाळू. आणि ती आपल्या काशिदसारखी पांढरी, घट्ट नाही. करडी, जाडसर, पाय आत जाईल अशी. मला वाटलं, किनाऱ्याकिनाऱ्याने रमतगमत जाऊ.

पहिला अर्धा किलोमीटर मजेत गेला. छत्र्या, खाटा, मधेमधे कुणालाही बसता येईल असे मोकळे पट्टे. पुढे डोंगराची कडा जवळ येत गेली आणि वाळू अरुंद होत गेली. समुद्र या किनाऱ्याला वर्षानुवर्षं खात आला आहे. एका ठिकाणी तर लाट थेट मोठमोठ्या दगडांवर आपटत होती. चपला हातात घेऊन, लाट मागे गेली की चार पावलं टाकायची, असा तो प्रकार. मी पार झाले. आई अलीकडेच थांबली. ओरडून म्हणाली, "मी इथून पुढे येत नाही, आणि तूही परत ये." गुडघेवाल्या बाईला गुडघ्यावर इलाज करायला मी दगडांतून नेत होते, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

परतलो. उरलेला दिवस त्याच टोकाला समुद्रात काढला. सप्टेंबरअखेर पाणी अजून कोमट होतं. मात्र तळ पटकन खोल जातो, पोहता येत नसेल तर कमरेपुढे जाऊ नये. संध्याकाळी बसला ही गर्दी. आईला उभ्याने यावं लागलं आणि रात्री ती माझ्याशी फार बोलली नाही.

किनाऱ्यावर बसल्याबसल्या एक गोष्ट मात्र दिसली होती. लहान होड्या सारख्या पलीकडून येत होत्या, माणसं उतरवून परत जात होत्या. चहाच्या टपरीवर विचारलं तर कळलं, त्या 'टॅक्सी बोट'. सांतांजेलोच्या धक्क्यावरून सुटतात आणि किनाऱ्यावर म्हणाल तिथे सोडतात. झालं तर मग!

तिसऱ्या दिवशी एक नंबरची बस, पोर्तो ते सांतांजेलो. ही बेटाच्या उत्तर-पश्चिमेने फिरून जाते, त्यामुळे वेळ बराच लागतो, पण पहिल्या थांब्यावर चढलं की जागा मिळते. वाटेत काझामिच्चोला लागतं. 1883 च्या भूकंपात हे गाव जवळजवळ पूर्ण पडलं आणि दोन हजारांहून जास्त माणसं गेली. तत्त्वज्ञ बेनेदेत्तो क्रोचे तेव्हा सतरा वर्षांचा होता. आई-वडील आणि बहीण त्यात गेली, तो ढिगाऱ्याखालून जिवंत निघाला. नोव्हेंबर 2022 मध्ये याच गावावर डोंगर घसरला. बसमधून वर पाहिलं की हिरव्या उतारावर तपकिरी ओरखडा दिसतो. आई खिडकीतून बघत म्हणाली, "तळिये." पुढे फोरिओपर्यंत ती काही बोलली नाही.

सांतांजेलोमध्ये गाड्यांना बंदी आहे. बस वरच थांबते आणि खाली चौकापर्यंत उतार चालावा लागतो. उतार गुडघ्यांना चढापेक्षा वाईट, म्हणून वीस मिनिटं धरून चला. धक्क्यावर होडीवाला बसलेला. मी "फुमारोले" म्हटलं, त्याने आईच्या गुडघ्यांकडे पाहिलं, उडी मारून खाली उतरला आणि तिला दोन्ही हातांनी धरून आत घेतलं. पाच मिनिटांत आम्ही आदल्या दिवशी जिथे पोचू शकलो नव्हतो तिथे होतो. न्यायला कधी येऊ, हे तो बोटांवर विचारतो. तेव्हा वेळ पक्की ठरवून घ्या, आणि शेवटची होडी किती वाजता हेही.

फुमारोले पाहून पहिल्यांदा काहीच वाटत नाही. डोंगराच्या पायथ्याला करड्या वाळूचा उतार, दोरी लावून आखलेला एक भाग, मधेच वाफेची एखादी बारीक रेघ. चपला काढू नका. मी काढल्या आणि नाचतच पुन्हा घातल्या. वरची वाळू उन्हाने तापलेली वाटते, तसं नाही. बोटभर उकरलं की हात मागे येतो. खोलवर ती शंभर अंशांच्या आसपास जाते. समुद्राच्या अगदी कडेला मात्र लाट येऊन वाळू निववते. तिथे बसलं की बुडाखालून ऊब येते आणि पायांवरून गार पाणी जातं. आई तिथे बसली ती बसलीच. पाय लांब करून दोन्ही गुडघ्यांवर ओंजळीने ओली गरम वाळू टाकत राहिली. पूर्वी इथे लोक स्वतःला वाळूत पुरून घेत, सांध्यांसाठी.

मग तिने पिशवीतून बटाटे काढले.

आदल्या रात्री तिने बाजारातून चार बटाटे आणि दोन अंडी घेतली होती, तेव्हा मी विचारलंही नव्हतं. टपरीवाल्याने बोलताबोलता सांगितलं होतं की तिथली माणसं वाळूत कोंबडी पुरून शिजवतात. मला वाटलं, आपली थट्टा करतोय. आईने ते पक्कं ध्यानात ठेवलं. शेजारी छत्रीवाला होता, त्याला खुणेने विचारलं. त्याने दोरीपलीकडची जागा दाखवली, खड्डा करायला लहान फावडंही दिलं. बटाटे-अंडी चांदीच्या कागदात दोनदा गुंडाळून ठेवली, वर वाळू, वर खूण म्हणून आईची काठी. "ही पोपटीच झाली की," ती म्हणाली. "भांबुर्ड्याचा पाला नाही एवढंच."

अंडी वीस मिनिटांनी काढली तर आत पिवळं वाहतं होतं. बटाट्यांना पाऊण तास दिला. साल आपोआप सुटत होती, आत मऊ, भुरभुरीत, आणि चव भाजलेल्यापेक्षा उकडलेल्याकडे झुकणारी. आईकडे तिखट-मिठाची पुडी होती. ती भारताबाहेर त्याशिवाय निघत नाही. एक बटाटा छत्रीवाल्याला दिला. त्याने तिखट लावून खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं, आणि आत जाऊन आम्हाला गार पाण्याची बाटली आणून दिली. पैसे घेतले नाहीत.

तिथून काव्हास्कुरा जवळ आहे. किनाऱ्यावरून आत वळणाऱ्या घळीत पाच-दहा मिनिटं चाललं की पोचतो. दोन्ही बाजूंना मऊ खडकाचे उंच कडे आणि पायाशी गरम पाण्याचा ओहोळ. रोमन काळापासून इथे खडक खोदून न्हाणी केलेली आहेत. पाणी सुमारे नव्वद अंशांनी बाहेर पडतं, ते निववून टबात सोडतात. तिकीट काढावं लागतं आणि हे साधारण एप्रिल ते ऑक्टोबर चालू असतं, हिवाळ्यात गेलात तर बंद सापडेल. पोहण्याचा पोशाख लागतो. आईसाठी मी पूर्ण बाह्यांचा, पायघोळ असा आधीच घेऊन ठेवला होता. तो घालून ती बाहेर आली आणि म्हणाली, "कुणी ओळखीचं नाही ना?" तिला रक्तदाबाची गोळी चालू आहे, म्हणून निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलं होतं. त्यांनी बजावलं होतं की दहा मिनिटांच्या वर नाही आणि उठताना एकदम उठायचं नाही. तसंच केलं. शेजारच्या टबातल्या जर्मन आजी आपला गुडघा दाखवून काहीतरी सांगत होत्या आणि आई मराठीत त्यांना सरसोच्या तेलाची कृती सांगत होती. मी भाषांतर करायला गेले तर दोघींनी मला हाताने गप्प केलं.

सोर्जेतो राहिलं. तिथे गरम झरे सरळ समुद्रातच निघतात, दगडांच्या आडोशाला बसलं की झालं. पण गावातून उतरायला दोनशेहून जास्त पायऱ्या. टॅक्सी बोट तिथेही जाते असं होडीवाल्याने सांगितलं, तोवर आमचा शेवटचा दिवस आला होता.

आईचे गुडघे बरे झाले का, असं सगळे विचारतात. दोन दिवस ती काठीशिवाय चालली. तिसऱ्या दिवशी पुन्हा काठी.

परतताना मी अलिस्काफोचं नावही काढलं नाही. सकाळच्या फेरीच्या डेकवर बसलो, वाटेतलं प्रोचिदा बेट मागे गेलं. आई पिशवी आवरत होती, तर तळाशी चांदीच्या कागदातला एक बटाटा निघाला, आदल्या दिवशीचा. तिने तो उघडला, अर्धा मला दिला. मधे जरा कच्चा होता आणि दाताखाली वाळू येत होती.